बोगी बदलली म्हणून डबा बाटतो का?

पाच डॉलर. चाळीस मोजून घेतलेल्या, खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्याचे पाच, तेही म्हणे ‘सुट्या भागांसाठी’. शनिवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

डबा लायोनेलचा. १९०० साली जोशुआ लायोनेल कोवेनने काढलेली ही खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी. तिचा हिलसाइडचा जुना कारखाना आमच्याच न्यू जर्सीत. गराज सेलमधला तो रुपेरी मालडबा ६४६४ मालिकेतला, १९५३ चा, ‘अगदी अस्सल’. हे विकणारीने सांगितलं आणि मी मान डोलावली. मग गेलो एका चर्चच्या हॉलमध्ये भरलेल्या, अशाच गाड्यांच्या बाजारात भाव काढायला. सोबत बायकोचे काका.

टेबलामागच्या आजोबांनी डब्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. थेट उलटा केला, डोळ्याला भिंग लावलं. मग सांगून आलेल्या मुलीला चालवून बघतात तसा टेबलावर ढकलून पाहिला.

“बोगी प्लास्टिकची. ही १९५७ पासूनची. १९५३ च्या डब्याला धातूची हवी. आणि दारं बघ. या दारावर एकच मोठा चौकोन, हे त्या काळचं. पलीकडच्यावर बारके बारके चौकोन, म्हणजे नंतरचं. कुणीतरी जोडजंतर केलंय. पाच डॉलर, सुट्या भागांसाठी.”

हे मी काकांना मराठीत सांगितलं, तिथेच चुकलो. काका माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी बोगी म्हणजे डब्याखालचा, चाकांसकटचा सांगाडा. अख्ख्या डब्याला बोगी म्हणणाऱ्याशी ते बोलत नाहीत. लग्नात मी म्हटलं होतं. दोन वर्षं बोलले नाहीत.

“अहो जावईबापू, विचारा त्याला, याचं पीओएच, म्हणजे मुदतीची संपूर्ण दुरुस्ती, कधी झालंय?”

“काका, खेळणं आहे ते.”

“म्हणजे झालेलंच नाही! अहो, डबा वर्कशॉपला आला की उचलायचा, जुनी बोगी बाहेर, तयार केलेली आत. कुठली कुणाची, विचारतो कोण? मग काय डेक्कन क्वीन नकली?”

मी भाषांतर केलं. आजोबा शांतपणे म्हणाले, “त्यांना गाडी चालवायची असते. मला कपाटात ठेवायचीय.”

“मग मेल्या, चाकं कशाला बघतोस?” काका कडाडले. याचं भाषांतर मी केलं नाही, पण आजोबांना कळलं असावं. शेजारच्या टेबलावरचा माणूस हातातली कॉफी विसरून बघत होता.

खरं तर आजोबांचं बरोबर होतं. एवढ्यावर थांबले असते तर मी मुकाट्याने निघालो असतो. पण त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढला. आत धातूच्या बोग्या, गच्च भरलेल्या. पंचवीस डॉलर जोडी. “या लाव, काम होईल.” म्हणजे कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्या डब्याच्या बोग्या लावल्या की जोडजंतर, आणि यांच्या बिस्किटांच्या डब्यातल्या लावल्या की अस्सल! त्या बोग्यांसाठी कुठल्या गाड्यांचे डबे उघडे पडले असतील, ते कुणी विचारायचं नाही. मला आपल्याकडचे ते ज्योतिषी आठवले, पत्रिकेतला दोषही तेच काढतात आणि शांतीचं सामानही त्यांच्याकडेच.

घेतल्या. चाळीस अधिक पंचवीस, पासष्ट. दार अजून चुकीचंच.

रात्री काकांनी चष्मा सावरत बोग्या बसवल्या, हलवून बघितल्या, तेलाचा थेंब सोडला. हात खरंच सफाईचा. सकाळी मी डबा उलटा केला तर पोटावर काळ्या मार्करने, वर्कशॉपच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: पीओएच, कालची तारीख, आणि खाली पुढच्या पीओएचची.

मार्कर पुसला न जाणारा आहे. विचारलं मी.