सिगारेटमधल्या ‘कार्पेटच्या गोंदा’ची गोष्ट

28 जून 2004 पासून न्यूयॉर्क राज्यात एक अट लागू झाली: विकली जाणारी सिगारेट कोणी ओढत नसेल तेव्हा शक्यतो आपोआप विझली पाहिजे. पुढच्या वर्षी कॅनडाने ती देशभर लावली. 2011 संपेपर्यंत अमेरिकेतली सगळी राज्यं आणि युरोपीय संघही त्यात आले. तेव्हापासून इंटरनेटवर एक मजकूर फिरतोय, त्यावर याचिकाही निघाल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने सिगारेटच्या कागदात कार्पेटचा गोंद घालायला लावला, त्याने डोकं दुखतं, तोंडाची चव जाते, आगी काही कमी झाल्या नाहीत, आणि चार बेफिकीर लोकांपायी बाकीच्यांना शिक्षा.

आधी गोंदाचं बघू, कारण शेअर होतो तो मजकूर त्या एका शब्दावरच.

कायद्याने कुठलाही गोंद सक्तीचा केलेला नाही. त्याला निकालाशी मतलब आहे. वारा लागणार नाही अशा पेटीत फिल्टर पेपरचे दहा थर ठेवायचे आणि त्यावर पेटती सिगारेट आडवी ठेवायची. अशा चाळीस सिगारेटी तपासायच्या. त्यांतल्या दहापेक्षा जास्त शेवटपर्यंत जळाल्या तर तो प्रकार नापास. हे साधण्यासाठी कंपन्यांनी जी युक्ती वापरली ती म्हणजे कागदावरच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या. तिथे कागदाची छिद्रं बुजलेली असतात, हवा कमी आत जाते. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखं हे काम: झुरका घेतला तर आग पट्टी ओलांडते, नुसती पडून राहिली तर तिथेच विझते. या पट्ट्यांसाठी अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढतात ते), स्टार्च, सेल्युलोज असे पदार्थ वापरले जातात.

मग कार्पेट आलं कुठून? इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट या पदार्थावरून. तो कार्पेटच्या गोंदात असतो, हे खरं. तो पुस्तकबांधणीच्या गोंदात असतो आणि बुटांच्या तळव्यातही असतो. सिगारेटच्या कागदाची उभी शिवण चिकटवायलाही या जातीचे गोंद वापरतात. त्यासाठी आगीच्या कायद्याची गरज नव्हती.

याचिकावाल्यांना कागदातल्या रसायनांची एवढी काळजी होती, तर त्यांनी सायट्रेटबद्दल कधी विचारलं नाही याचं मला नवल वाटतं. सिगारेट ठेवून दिली तरी एकसारखी जळत राहावी म्हणून कागदात सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेट घालतात. म्हणजे आपोआप जळत राहणं हा काही तंबाखूचा स्वभाव नव्हे. बिडी ओढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तेंदूचं पान कागदासारखं जळत नाही; गप्पा जरा रंगल्या की बिडी विझते आणि पुन्हा काडी ओढावी लागते. (म्हणून बिडी तब्येतीला बरी, असा अर्थ कोणी काढू नये.)

आता डोकेदुखी. यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या सिगारेटी आणि इतर राज्यांत विकल्या जाणाऱ्या त्याच ब्रँडच्या जुन्या सिगारेटी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. धुरातले बहुतेक घटक जवळपास सारखेच निघाले. कार्बन मोनॉक्साइड मात्र सुमारे 11 टक्क्यांनी जास्त होता. ही वाढ लपवायचं कारण नाही. पण ‘सरकारने विष कालवलं’ म्हणावं असं त्यात काही नाही, आणि जुनी सिगारेट काही तुळशीचा काढा नव्हती. त्याच तपासणीत जुन्या सिगारेटी जवळपास सगळ्या शेवटपर्यंत जळाल्या, नव्या दहांतली एक. मध्येच विझते, परत पेटवावी लागते, ही तक्रार तर शंभर टक्के खरी. कायदा त्याचसाठी आहे.

‘आगी कमी झाल्याच नाहीत’ हा दावा मात्र सरळ खोटा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 2004 ते 2010 च्या घरगुती आगींचा अभ्यास झाला. कायदा आल्यानंतर सिगारेटमुळे आग लागण्याची शक्यता 28 टक्क्यांनी घटलेली दिसली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेचा देशभरातल्या मृत्यूंबद्दलचा अंदाजही 30 टक्क्यांच्या आसपास आहे. सोफे-गाद्यांचे नियम कडक झाले, धूम्रपानही कमी झालं, त्यामुळे सगळी घट या कायद्याच्या खात्यावर टाकता येत नाही. पेटता निखारा गळून पडतो अशीही तक्रार आहे. तसं होत असेलही. पण मॅसॅच्युसेट्सच्या हिशेबात सिगारेटने लागलेली आग धरली होती, मग ती निखाऱ्याने लागो की थोटकाने. तरीही आकडा खाली आला. एक मर्यादा मात्र उघड आहे. चाचणी फिल्टर पेपरवर होते, वाळलेल्या गवतावर नाही. वणव्यांच्या धास्तीने ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये हाच नियम आणला, पण गाडीतून थोटूक फेकणाऱ्याला त्याने परवाना मिळत नाही.

राहिला शिक्षेचा मुद्दा. सिगारेट सोफ्याच्या फटीत पडली की लगेच ज्वाळा उठत नाहीत. कापूस आणि फोम आतल्या आत धुमसतो, कधी अर्धा तास, कधी त्याहून बराच जास्त. तोवर घर झोपलेलं असतं आणि ज्वाळेआधी धूरच जीव घेतो. त्याच अग्निसंरक्षण संघटनेच्या आकडेवारीनुसार अशा आगीत मरणाऱ्या चौघांपैकी एक जण ती सिगारेट ओढणारा नसतो. त्यात मुलं असतात, शेजारी असतात, म्हातारे आईवडील असतात. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टवूड गावात एका सिगारेटने आईवडील आणि पाच मुलं असं अख्खं कुटुंब गेलं. तिथले खासदार जो मोकली यांनी त्यानंतरच संसदेत या कायद्याचा पाठपुरावा सुरू केला. 1984 च्या कायद्याने नेमलेल्या तांत्रिक गटाने 1987 मध्ये सांगितलं की अशी सिगारेट बनवता येते. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या आत तर त्याच दशकात यावर काम चाललं होतं, ‘प्रोजेक्ट हॅम्लेट’ या नावाने: जळावं की न जळावं! बाहेर मात्र सिगारेट उद्योग अशा कायद्यांना वर्षानुवर्षं विरोध करत राहिला. तेव्हा ‘बेफिकीर कोण’ हा प्रश्न सोफ्यावर डुलकी लागलेल्या माणसापाशीच का थांबवायचा?