'मग एमआरआय काढला कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लोकलमध्ये वाचली आणि दोन दिवस डोक्यातून गेली नाही. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, 'स्तनाच्या कॅन्सरमध्ये आजार पुढे कसा वागेल हे एमआरआयवरून कळतं.' त्यावर तुम्ही लिहिलंत की वहिनींची गाठ लहान होती, स्तन राखून ऑपरेशन करायचं आधीच ठरलं होतं, तरी एमआरआय काढायला लावला. पैशांची जुळवाजुळव केलीत, आणि झालं ते ठरलेलंच ऑपरेशन. परळला टाटाबाहेर फुटपाथवर मुक्काम करून उपचार घेणाऱ्यांना मी आणखी एक खर्च सुचवते, असंही म्हणालात. शेवटी विचारलंत, 'मशीनला भविष्य कळतं का?'

नाही कळत. ते वाक्य मी सैल लिहिलं, आणि आजारी माणसाच्या घरात सैल वाक्य किती लागतं हे मला कळायला हवं होतं.

वहिनींच्या बाबतीत तुमची तक्रार रास्त आहे. ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन 'कोमिस' नावाची चाचणी झाली होती. स्तन राखून ऑपरेशन ठरलेल्या १,६२३ बायकांपैकी साधारण निम्म्यांचा ऑपरेशनआधी जादा एमआरआय काढला, बाकीच्यांचा नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे १९ टक्केच निघालं. हा निकाल २०१० सालचा. काही जणींना एमआरआयचा उपयोग होतो: स्तन घट्ट (मॅमोग्राफीत दाट दिसणारे) असले, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी वेगवेगळं सांगत असल्या, किंवा काखेत गाठ आहे पण स्तनात काहीच सापडत नाही, अशा वेळी. पण सरसकट सगळ्यांना तो लिहून देण्याला आधार नाही.

मग मी बोलले कशाच्या जोरावर? ज्यांना ऑपरेशनआधी केमो द्यावी लागते त्यांच्या अनुभवावर. तिथे एमआरआय एकदा नाही, पुन्हा पुन्हा काढतात, आणि खरी माहिती दोन एमआरआयमधल्या फरकात असते.

कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या शिरा घाईघाईत वाढलेल्या आणि झिरपणाऱ्या असतात. हातातून गॅडोलिनियमचं, म्हणजे एमआरआयच्या फोटोत उजळून दिसणारं, औषध सोडलं की ते गाठीत झपाट्याने शिरतं, आणि पुष्कळदा तितक्याच झपाट्याने बाहेर पडतं. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उजळलेला भाग तेवढा कॉम्प्युटर मोजतो. म्हणजे नुसती लांबी-रुंदी नाही, तर गाठीचा जिवंत, रक्त ओढणारा भाग किती घन सेंटिमीटर आहे ते. अमेरिकेत नोला हिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आय-स्पाय १' या चाचणीत तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठी असलेल्या बायकांचे केमोआधी, एका डोसनंतर, मध्यावर आणि ऑपरेशनआधी असे एमआरआय काढले. केमो कितपत लागू पडते आहे हे हाताने तपासण्यापेक्षा या मोजमापातून चांगलं कळलं, आणि तेही उपचाराच्या सुरुवातीलाच. पुढे २०१६ साली त्यांनी दाखवलं की ज्यांचं हे घनफळ कमी उरलं, त्यांच्यात आजार परत येण्याचा धोकाही कमी होता.

लांबी मोजून का भागत नाही? काही गाठी कापरासारख्या चहूबाजूंनी झिजत जातात. काही मात्र रव्याचा लाडू फुटावा तशा जागच्या जागी फुटतात. कण इकडे-तिकडे उरतात, या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी तीच राहते, आणि रिपोर्टमध्ये 'फरक नाही' असं छापून येतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त गाठ गेलेली असू शकते.

मागे विरारहून एक ताई आमच्याकडे एमआरआयसाठी आल्या होत्या. डी-मार्टच्या पिशवीत चार फाईली, दोन सीड्या. मंगळसूत्र काढायला सांगितलं तेव्हा ते रुमालात गुंडाळून लेकीच्या हातात दिलं, आणि पालथ्या झोपून अर्धा तास त्या आवाजात जराही हलल्या नाहीत. फोटो इतके स्वच्छ आले होते! पण तुलना कशाशी करणार? केमोच्या आधीचा एमआरआय कोणी काढलाच नव्हता. पहिली सीडी दुसऱ्या डोसनंतरची होती. 'औषध लागू पडतंय ना, मॅडम?' या त्यांच्या प्रश्नाला त्या फोटोंवरून माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. तो प्रसंग डोक्यात ठेवूनच मी मागचा लेख लिहायला बसले होते, आणि नेमकी तीच गोष्ट लिहायची राहिली.

केमोनंतर एमआरआय स्वच्छ दिसला तरी सूक्ष्म पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून ऑपरेशन टळत नाही, आणि शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा, म्हणजे काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या डॉक्टरांचा. ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेल्या) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) गाठी केमोने पूर्ण विरघळल्या तर ती फार चांगली खूण असते. हॉर्मोनवर वाढणाऱ्या संथ गाठी केमोने क्वचितच पूर्ण जातात, तरी त्यातल्या कित्येक बायका पुढे वर्षानुवर्षं छान राहतात. तिथे एमआरआय पाहून घाबरून जाऊ नये.

खर्चाबद्दल तुमच्याशी मला वाद घालायचाच नाही. याच मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी दीड लाखांवर बायकांमध्ये वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तो प्रश्न वेगळा, आजार लवकर शोधण्याचा. पण मशीनशिवाय किती होऊ शकतं हे त्यातून दिसतं.

वहिनींचं ऑपरेशन आधी झालं आहे, तेव्हा त्यांच्या पुढच्या वाटचालीबद्दल जे कळायचं ते ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आहे: गाठ किती सेंटिमीटरची, काखेतल्या किती ग्रंथींमध्ये आजार सापडला, ग्रेड कोणती (पेशी किती आक्रमक दिसतात), आणि ईआर, पीआर (हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू काय आले. पुढच्या फॉलो-अपला तो कागद घेऊन जा आणि डॉक्टरांना या चारही गोष्टी मराठीत समजावून सांगायला सांगा. घाईत असले तरी सांगतील. नाही सांगितलं तर नाव-पत्ता झाकून रिपोर्ट मला पाठवा, मी सांगते.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. आता तिथे असं आहे: 'ऑपरेशनआधी केमो द्यायची असेल, तर केमोच्या आधी आणि केमो चालू असताना काढलेल्या एमआरआयमधल्या फरकावरून औषध किती लागू पडतंय याचा अंदाज येतो.' वहिनींना माझा नमस्कार सांगा.