मायनर, क्रेडिट आणि बाबांचा ओटीपी

नवीन पोरांच्या स्वागताला सरकारी कागदात ‘दीक्षारंभ’ म्हणतात. गुलाबाचं फूल, दीपप्रज्वलन, भाषण. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मात्र पोरगं खरं रुळतं ते झेरॉक्सवाल्याशी ओळख झाल्यावर.

मार्गदर्शन कक्षात, म्हणजे जिन्याखालच्या टेबलावर, आम्हांला दरवर्षी पहिला प्रश्न येतो, “सर, मायनर काहून घ्या लागते जी? मी तं अठराचा झालो.” मग सांगावं लागतं : मेजर म्हणजे मुख्य विषय, वरण-भात; मायनर म्हणजे जोडविषय, भाजी. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे शेजारच्या घरून आलेली वाटी, ती दुसऱ्याच शाखेची हवी. सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, वर्षाला ४४. क्रेडिट म्हटलं की पोराला कृषी केंद्रातली उधारी आठवते. इथली क्रेडिटं उलट आपल्याच नावावर जमा होतात, फक्त त्या क्रेडिटांच्या बँकेतून पैसे काढता येत नाहीत.

मुलींचं वेगळंच. एसटीचा फुकट पास बारावीपर्यंत. ‘तेरावी’ला बोनाफाईड, आधार, फोटो घेऊन खिडकीवर जायचं आणि भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. बोनाफाईडवरचा शिक्का ठसठशीत आहे ना, हे कॉलेजातच बघून घ्यावं. पुसट शिक्क्यापायी दुसरी चक्कर पडते.

खरी परीक्षा महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. त्यात वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर गळलेला. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, ३१ मार्चलाच संपलेला. शिष्यवृत्तीसाठी पोरगं हौसेनं नवं खातं काढतं. पैसे जातात आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते असतं शाळेत काढलेलं, केवायसीअभावी झोपलेलं. म्हणून फॉर्मच्या आधी बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारावं. हे आम्ही फळ्यावर लिहितो. फळ्याचा फोटो सगळे काढतात, बँकेत कोणी जात नाही.

आणि ओटीपी. तो जातो आधारशी जोडलेल्या मोबाईलवर, म्हणजे बाबांच्या. बाबा कपाशीत, पाठीवर फवारणीचा पंप, फोन धुऱ्यावरच्या डब्याच्या पिशवीत. ओटीपीचं आयुष्य जेमतेम दहा मिनिटं. त्यामुळे फॉर्म भरायची योग्य वेळ दुपारी एक ते दोन, बाबा निंबाखाली भाकर खायला बसतात तेव्हा. फोन लागतो, मेसेजही आलेला असतो. “आकडे वाचा ना बाबा.”

“चष्मा घरी राह्यला ना बे.”