तिजोरी न उघडता सर्वांना घरे: होतकरू धोरणकर्त्यांसाठी काही सूचना

राज्याच्या गृहनिर्माण खात्यात नव्याने रुजू झालेल्या, किंवा मनोमन स्वतःला त्या खुर्चीत पाहणाऱ्या वाचकहो, श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि गरीब यांनी एकाच वसाहतीत राहावे ही कल्पना सभेत हमखास टाळ्या मिळवते. अंदाजपत्रकात मात्र ती पैसे मागते. आपण घाबरू नये. महाराष्ट्राने या अडचणीवर 1995 सालीच तोडगा काढून ठेवला आहे आणि आपल्याला फक्त त्याचे निष्ठेने अनुकरण करायचे आहे.

आरंभी एक जुनी चूक टाळावी. 1991 च्या झोपडपट्टी पुनर्विकास योजनेत झोपडीधारकाने बांधकाम खर्चाचा काही वाटा उचलावा अशी अपेक्षा होती. पैसे भरलेला माणूस हिशेब विचारतो आणि बांधकामाच्या दर्जाबद्दल बोलू लागतो. म्हणून घर मोफतच जाहीर करावे. 1995 साली मुंबईतील 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन दिले गेले. त्यानंतरच्या जवळपास तीन दशकांत अडीच लाखांच्या आसपास घरे उभी राहिली. वचन माणसांत मोजावे आणि पूर्तता घरांत मोजावी, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करण्याचा मोह कोणाला होत नाही.

आता पैशाचा प्रश्न. आपल्याकडे नाशिकरोडचा नोटांचा छापखाना नाही, याचे दुःख करू नये, कारण त्या छापखान्याला कागद आणि शाई तरी लागते; आपल्याला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण, वाढवायला एक अधिसूचना पुरते. विकासकाने झोपडीधारकाला घर बांधून द्यावे, त्या बदल्यात त्याच जमिनीवर खुल्या बाजारात विकण्यासाठी त्याला वाढीव बांधकाम मिळावे आणि त्या विक्रीतून गरिबाच्या घराचा खर्च निघावा, अशी ही रचना आहे. विकास नियंत्रण नियमावलीतील 33(10) हा नियम मुखोद्गत करावा. शासनाचा पैसा जात नाही, असे यात अभिमानाने म्हणता येते. वाढलेल्या वस्तीला लागणारे पाणी, मलनिःसारण, रस्ते आणि लोकलमध्ये उभे राहण्यापुरती जागा यांचा खर्च दुसऱ्याच यंत्रणांच्या खात्यावर पडत असल्यामुळे तो आपल्या टिपणीत आणण्याचे कारण नाही.

येथे एखादा चौकस कनिष्ठ अधिकारी आपल्याला अडवील. गरिबाचे घर जर शेजारच्या महागड्या घराच्या नफ्यातून बांधले जाणार असेल, तर शहरातील घरे महाग राहणे ही योजनेची पूर्वअट ठरते, असे तो म्हणेल. भाव उतरले की विक्रीची इमारत रखडते, विक्री रखडली की पुनर्वसनाची इमारत थांबते आणि झोपडी पाडून बाहेर पडलेल्या कुटुंबाला विकासकाकडून मिळणारे भाडे बंद होते, हेही तो सांगेल. त्याचे म्हणणे दुर्दैवाने तंतोतंत खरे आहे. थकलेल्या भाड्याच्या तक्रारी इतक्या साचल्या की झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करून घेण्याचा नियम करावा लागला. तरीही आपण विचलित होऊ नये. घरे परवडणारी करण्याची योजना घरे न परवडण्यावर उभी आहे, हे वाक्य इतके विचित्र आहे की ऐकणाऱ्याला तो बोलणाऱ्याचाच घोटाळा वाटतो. 1998 साली शासनाने अशा प्रकल्पांना अर्थबळ देण्यासाठी शिवशाही पुनर्वसन प्रकल्प ही कंपनीही काढली होती. कोणी शासकीय गुंतवणुकीचा आग्रहच धरला तर तिचे नाव घ्यावे आणि पुढच्या विषयाकडे वळावे.

उत्पन्नगटांचे मिश्रण कसे करावे, याबाबत मात्र काटेकोर असावे. मिश्रण नकाशावर करावे, जमिनीवर करू नये. एकाच भूखंडावर पुनर्वसनाच्या इमारती एका कोपऱ्यात दाटीने उभ्या कराव्यात, विक्रीच्या मनोऱ्याला पोडियम, पोहण्याचा तलाव आणि मुख्य रस्त्याकडचे प्रवेशद्वार द्यावे, मध्ये भिंत घालावी आणि भूखंडाचा क्रमांक एकच असल्यामुळे प्रकल्पाला समावेशक म्हणावे. पुनर्वसनाच्या इमारतींमधील अंतरात सवलत देता येते. काही ठिकाणी ते जेमतेम 3 मीटरवर आलेले आहे. गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींत खालच्या मजल्यांवर न पोहोचणारे ऊन आणि क्षयरोग यांचा संबंध संशोधकांनी दाखवून दिला आहे, परंतु क्षयरोग हा आरोग्य खात्याचा विषय असल्यामुळे तो आपल्या फाइलमध्ये येत नाही. लिफ्टच्या देखभालीचेही तसेच आहे. घर मोफत असते, लिफ्ट चालवण्याचे बिल मोफत नसते, हे रहिवाशांना ताबा मिळाल्यावर आपोआप कळते.

माणसांची वर्गवारी उत्पन्नावरून करण्यापेक्षा तारखेवरून करणे अधिक सुटसुटीत. उत्पन्नाचे दाखले खोटे निघतात. तारीख निदान ठाम दिसते. धारावीचा आदर्श समोर ठेवावा. तेथे 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशाला धारावीतच 350 चौरस फुटांचे मोफत घर आहे. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्याला धारावीबाहेर 300 चौरस फूट, तेही अडीच लाख रुपये भरून. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर भाडेखरेदी, म्हणजे भाडे भरत भरत घर विकत घेण्याची सोय. एकाच गल्लीत, एकाच नळावर पाणी भरणारी, एकच धंदा करणारी तीन कुटुंबे अशा रीतीने तीन वेगवेगळ्या भवितव्यांत वाटली जातात. बाहेर जाणाऱ्यांसाठी मिठागरांच्या आणि देवनारच्या कचराभूमीच्या जमिनी शोधण्यात आल्या आहेत. कचराभूमीवर मिश्र उत्पन्नगट आणण्याचा प्रस्ताव अजून कोणी ठेवलेला नाही. आपणही ठेवू नये.

दूर पाठवण्याच्या बाबतीत माहुलचा अभ्यास अवश्य करावा. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांसाठी हजारो घरे बांधली गेली आणि पाठवलेल्या रहिवाशांना प्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागले. पुढे 2025 साली रिकामी राहिलेली घरे महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. गरिबांसाठी योग्य ठरवलेले घर कारकुनाला दाखवण्याचा हा प्रयोग धाडसी होता आणि तो पुन्हा करू नये.

मोठ्या खासगी गृहसंकुलांसाठी 2013 पासून दुसरी तरतूद आहे: 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 20 टक्के घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी. या नियमाने राज्यातील भूखंडांच्या भूमितीत मोठी क्रांती घडवली, असे जाणकार सांगतात. जमिनी आपसूक 4000 च्या आत मावू लागल्या. 2022 साली नाशिकमधील या 20 टक्के घरांचा मुद्दा विधान परिषदेत गाजला आणि तेथील महापालिका आयुक्तांची बदली झाली. बदली हा कमी खर्चाचा उपाय असल्याचे ध्यानात ठेवावे.

म्हाडाच्या सोडतीचेही महत्त्व विसरू नये. 2023 च्या सोडतीत ताडदेवच्या एका घराची किंमत साडेसात कोटींहून अधिक होती आणि लोकप्रतिनिधींच्या राखीव कोट्यातून ते ज्या आमदारांना लागले, त्यांनाही ते पेलले नाही. परवडण्याचा प्रश्न आमदारांपर्यंत पोहोचवणारी ही एकमेव योजना होय.

अखेरीस, मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेले नवे गृहनिर्माण धोरण वाचावे. त्यात 2030 पर्यंत 35 लाख घरे आणि 20 हजार कोटींचा महाआवास निधी आहे. येथे प्रथमच आपल्या हाती खरा पैसा येण्याचा संभव असल्यामुळे सावधगिरी हवी. तो थेट घरांवर खर्च करू नये. सल्लागार नेमावेत, त्यांच्याकडून आराखडा घ्यावा आणि आराखड्यात पुनर्वसनाच्या इमारतीला मुख्य रस्त्याकडून प्रवेशद्वार दिसले तर तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा.