ब्लीचमध्ये व्हिनेगर ओतू नका, डाग राहिला तरी चालेल

लग्नसराई सुरू झाली की हा मेसेज मराठवाड्यातल्या घराघरातल्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोचला, म्हणून हे लिहितेय. त्यात म्हटलंय: बादलीभर गरम पाण्यात एक कप ब्लीच आणि एक कप व्हिनेगर घाला, व्हिनेगर नसेल तर संडास धुण्याचं लिक्विड घाला, हळद, रक्त, गंज, सगळे डाग 5 मिनिटांत जातात, पैठणीलाही चालतं.

आधी त्या मिश्रणाचं बोलू. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि गरम पाण्यात तो जास्तच उसळतो. व्हिनेगर आम्लच आहे. संडासाच्या लिक्विडमध्ये तर बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते त्याहून कितीतरी जहाल. ब्लीचसोबत मिसळू नका, अशी सूचना त्याच्या बाटलीवरच छापलेली असते. हा मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढं तरी वाचायचं होतं! क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, त्यामुळे तो खालीच साचतो. आपल्याकडे बायका मोरीत खाली बसून, बादलीवर वाकून कपडे धुतात. म्हणजे तोंड नेमकं त्याच्यात. डोळे चुरचुरले, खोकला आला की बादली तिथंच सोडून बाहेर मोकळ्या हवेत या. ओतून टाकायला परत आत जाऊ नका. दम लागला तर 108 ला फोन करा.

हळदीवर ब्लीच चालतं, हे मान्य. पण नुसतं, गार पाण्यात, लिटरला दोन चमचे, 10 मिनिटं, आणि फक्त पांढऱ्या सुती कपड्यावर. खरं तर त्याचीही गरज नाही. येसराच्या आमटीचा डाग असेल तर आधी भांडी घासायच्या लिक्विडनं तेल काढा, मग साबण लावा. डाग लालभडक होईल, घाबरू नका; साबणातल्या क्षारानं हळद लाल होतेच. धुऊन ओलाच कपडा कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि उन्हाची आपल्याकडे काय कमी!

रक्तावर गरम पाणी कधीच नाही. त्यातलं प्रथिन गोठून धाग्याला घट्ट धरतं. गार पाण्यात अर्धा तास भिजवा, मग साबण लावा.

गंजावर आम्ल लागू पडतं, एवढं त्या मेसेजमध्ये खरं आहे. त्यासाठी लिंबू पुरे: रस चोळा, तासभर ठेवा, धुवा. ब्लीचनं मात्र गंज जात नाही, उलट पक्का होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचनं पांढरे कपडेही पिवळे पडतात.

आणि पैठणी? रेशीम म्हणजे प्रथिनच, ब्लीच ते खाऊन टाकतं. रंग जातो, धागा विरतो, जरही काळवंडते. तेल सांडलं तर चोळू नका. टाल्कम पावडर भुरभुरवून रात्रभर ठेवा, मऊ ब्रशनं झटका आणि ड्रायक्लीनला द्या. देताना डाग कशाचा आहे ते सांगा.