व्हिडिओवरची तडजोड कोर्टात टिकते

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतोय: "ऑनलाइन मध्यस्थीच्या नादी लागू नका. व्हिडिओवरच्या तडजोडीला कायद्यात किंमत नाही, समोरचा सगळं रेकॉर्ड करून तुमच्यावरच उलटवतो, आणि समोरासमोर बसल्याशिवाय भांडण मिटत नाही." मी मुंबईत मध्यस्थ म्हणून काम करते. हे वाचून एका आजींनी ठरलेली बैठक रद्द केली, म्हणून लिहायला बसले.

कायद्यात किंमत नाही, हे साफ खोटं. कोर्टाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली दावा मध्यस्थीला पाठवला की ठरलेल्या अटी लेखी होतात, दोन्ही पक्ष सह्या करतात, कागद कोर्टापुढे जातो आणि त्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बंधनकारक निकाल, होतो. बोलणी फोर्टातल्या ऑफिसात झाली की फोनवर, हे तिथे कुणी विचारत नाही. 2023 च्या मध्यस्थता कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीला स्वतंत्र कलमच आहे, 30वं. त्यासाठी दोन्ही पक्षांची लेखी संमती मात्र हवी.

रेकॉर्डिंगची भीती मला कळते. कुणी दुसऱ्या फोनवर चोरून टिपलं तर मला दिसणार नाही. पण प्रत्यक्ष बैठकीत खिशातला फोन तरी कुठे दिसतो? त्याच कायद्याच्या कलम 22 मध्ये प्रत्यक्ष आणि ऑनलाइन, दोन्हीकडे रेकॉर्डिंगला मनाई लिहिली आहे. त्याआधी, 2010 मध्येच, मोतीराम विरुद्ध अशोक कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं होतं: मध्यस्थाने कोर्टाकडे तडजोडनामा पाठवावा, नाहीतर मिटलं नाही एवढंच कळवावं. आत कोण काय बोललं, ते नाही.

आता समोरासमोरचं. वडिलांच्या लालबागच्या खोलीवरून भावा-बहिणीचा वाद होता. भाऊ दोह्याला, बहीण विरारला, तिचे गुडघे गेलेले. चार तारखा वाया गेल्या. व्हिडिओवर पहिल्याच बैठकीला दोघं आले. बाईंनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला होता. "खोली विकायला माझी हरकत नाही," म्हणताना नजर सारखी डावीकडे जात होती. मी म्हटलं, "मावशी, फोन जरा गोल फिरवून खोली दाखवता का?" फ्रिजच्या आडोशाला त्यांचा मुलगा बसलेला. त्याला बाहेर पाठवलं, भावाला व्हिडिओ कॉलच्या वेटिंग रूममध्ये थांबवलं. एकट्या बोलल्या तेव्हा कळलं, पैसे मुलाच्या खात्यात जातील ही त्यांची धास्ती. शेवटी त्यांचा हिस्सा त्यांच्या एकटीच्या नावच्या मुदत ठेवीत जाईल, असं अटींतच लिहिलं.

एक मात्र मान्य. नवरा-बायकोच्या वादात मी जपून पावलं टाकते. समेटाची बोलणी फसल्यावरच व्हिडिओवरच्या सुनावणीचा विचार व्हावा, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये शांतिनी प्रकरणात बहुमताने म्हटलं होतं. आणि मारहाण करणारा त्याच घरात असेल, तर बाईला तिथून कॅमेऱ्यापुढे मी बसवतच नाही.

त्या आजींना काल फोन करून हे सगळं सांगितलं. गुरुवारी अकराची वेळ ठरलीय. नातीने फोन लावून द्यायचा आणि दार ओढून बाहेर बसायचं.