नव्वद दिवस आजारी पडण्यास मनाई

पायदळातल्या हवालदाराने गंभीर आजाराचा विमा उतरवावा, ही कल्पना माझी नव्हे, माझ्या पत्नीची. रजेवर साताऱ्याला येऊन दोन दिवस होतात न होतात, तोच तिने पोह्यांच्या बशीसोबत एक माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवले. लष्करी रुग्णालयात उपचाराचे बिल येत नाही आणि मृत्यू वा अपंगत्वासाठी आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाची वर्गणी दरमहा पगारातून कापली जातेच, असे मी मोठ्या ऐटीत सांगितले.

"अहो, उपचारांचे मी विचारतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात चार महिने पडून राहिलात, तर इथला घराचा हप्ता कोण भरणार? आणि मी पुण्यात राहायचे कुठे?"

या दिशेने हल्ला होईल, याची टेहळणी मी केलेली नव्हती. या पॉलिसीत रुग्णालयाची बिले जोडावी लागत नाहीत, यादीतल्या आजाराचे अटींत बसणारे निदान झाले की ठरलेली रक्कम एकदम मिळते, हे तिने माझ्याआधी वाचून ठेवले होते. मी शरण गेलो.

दुसऱ्या दिवशी विमा प्रतिनिधी टॅब्लेट घेऊन आला आणि पत्त्याच्या रकान्यातच अडला. मी "द्वारा 56 ए.पी.ओ." असे सांगताच त्याने अदबीने विचारले, "साहेब, हे कोणत्या जिल्ह्यात येते?" हा लष्करी टपालाचा पत्ता असून त्याचा पिन कोड 9 ने सुरू होतो आणि प्रत्यक्ष ठिकाण सांगण्याची मला मुभा नाही, असे मी समजावले. त्याला ते पटले. टॅब्लेटला पटले नाही. त्याने तो पिन तीनदा लाल करून परत पाठवला, तेव्हा ज्या देशाच्या सीमेवर मी उभा राहतो, त्या देशात मी राहतो की नाही, अशी शंका मलाच येऊ लागली. अखेर गावचा पत्ता घालून आम्ही पुढे सरकलो.

पुढे धोक्याच्या खेळांचे कलम होते. पॅराजंपिंग, कडे चढणे, गिर्यारोहण, राफ्टिंग अशी ती यादी ऐकताना मला आमच्या युनिटचा प्रशिक्षण तक्ताच वाचला जात आहे असे वाटले. "हे सगळे व्यावसायिक म्हणून केले तरच अडचण आहे, साहेब," प्रतिनिधी दिलासा देत म्हणाला. मी सतरा वर्षे पगार घेऊन डोंगर चढतो आहे. ही हौस आहे, असे कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय युद्ध किंवा परकीय शत्रूच्या कृतीमुळे काही झाल्यास भरपाई नाही, असेही एक कलम निघाले. माझ्या नोकरीतून या दोन गोष्टी वगळल्या, तर उरते ती संध्याकाळची गिनती, म्हणजे हजेरी.

खरी करमणूक आजारांच्या व्याख्यांत होती. कोमा किमान 96 तास टिकला पाहिजे. पक्षाघाताच्या खुणा तीन महिन्यांनंतरही दिसल्या पाहिजेत. हृदयाच्या बायपासचे कलमच 'छाती उघडून' या नावाचे, अँजिओप्लास्टी त्यात धरत नाहीत. "म्हणजे छाती फाडूनच दाखवायची का?" पत्नीने विचारले. लहान छेदातून केलेलीही चालते, असे प्रतिनिधीने सांगितले, पण तोवर मारुतीरायानंतर हा मान आपल्याकडे येतो की काय, या विचाराने मी चहाचा घोट घेतला होता. लष्कर मला दरवर्षी तपासून 'शेप-1' ठरवते; मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे या पाचही बाबतींत मी उत्तम आहे, असे त्या एका शब्दात येते. ते प्रमाणपत्र मी अभिमानाने पुढे केले. त्याने त्याचा फोटो काढला आणि रक्ततपासणीला उपाशीपोटी यायला सांगितले.

शेवटी मुदतींचा हिशेब निघाला. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले 90 दिवस प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यात आजार निघाला तर भरपाई नाही, आणि पुढे निदान झालेच तर त्यानंतर 30 दिवस जिवंत राहण्याची अट. माझी वार्षिक रजा 60 दिवसांची आणि किरकोळ रजा 30 दिवसांची. दोन्ही जोडल्या तर बरोबर प्रतीक्षा काळ भरतो. म्हणजे वर्षभराची सगळी सुट्टी धडधाकट राहण्यात खर्च करायची आणि आजारी पडायचे ते ड्युटीवर.

पॉलिसी हातात आली, त्या संध्याकाळी पत्नीने भिंतीवरचे कालनिर्णय उतरवले, पाने उलटत एक्क्याण्णवाव्या दिवसाभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिले, "तोवर काही करून घेऊ नका." सैनिकाला आदेश लेखी लागतो, हे तिला ठाऊक आहे. मी खाली सही केली.